टोचत होतं म्हणून काढून ठेवलं

आमच्या त्र्यंबकात माझे एक जुने स्नेही आहेत. गुरुजीच म्हणतो आम्ही त्यांना. शाळेतून निवृत्त झालेत, वाचन दांडगं, बोलणं नेमकं. परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याने ते अंगावर कसं बाळगावं, होल्स्टर कुठलं घ्यावं, दिवसभर काचणार नाही असं कसं पारखावं, हा विषय मी काढला की ते मला थांबवतात. त्यांचं म्हणणं असं : हत्यार टोचलंच पाहिजे. कमरेला त्याची बोच राहिली तरच माणसाला त्याची जाणीव राहील. हत्यार बाळगणं सुखाचं करून देणं म्हणजे त्याला घरात पाट मांडून बसवणं. ज्योतिर्लिंगाच्या गावात राहणाऱ्याने तरी या गोष्टीला हात लावू नये.

गुरुजींचं म्हणणं मी हलकं मानत नाही. हत्यारांचा सुळसुळाट वाढू नये ही त्यांची तळमळ आहे आणि ती माझीही आहे. उद्या गावात एकाही माणसाकडे परवाना उरला नाही, तर मी गोदावरीला साडी नेसवीन. पण परवाने आहेत, हत्यारं आहेत, ती रोज कोणाच्या ना कोणाच्या कमरेला लागून रस्त्यावर येतात, आणि ती कशी येतात यावर त्या माणसाचाच नव्हे, आजूबाजूच्या दहा जणांचा जीव अवलंबून असतो. म्हणून गुरुजींचा मुद्दा मला खोडून काढावाच लागतो.

माझ्या घरात घडलेली गोष्ट आधी सांगतो.

आमच्याकडे पूजाविधी करवून घेणारे यजमान उतरतात. नारायण नागबळीच्या विधीला तीन दिवस लागतात, त्यामुळे माणसं सहकुटुंब मुक्कामालाच येतात. काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ रात्रभर गाडी चालवून पहाटे आले. मोठे व्यापारी, स्वभावाने अतिशय सज्जन. आल्या आल्या त्यांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर होल्स्टरसकट उतरवलं, पंच्यात गुंडाळलं, फडताळात ठेवलं आणि कुशावर्त कुंडावर स्नानाला गेले. आई धुण्याचे कपडे गोळा करत होती. तिने पंचा ओढला. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून सुटलं आणि तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. सुटलं नाही ते फक्त काडतूस. आईचा अंगठा महिनाभर काळानिळा होता. खोलीत तेव्हा माझी चार वर्षांची पुतणी खेळत होती.

गृहस्थ परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. आईच्या पायाला हात लावून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मावशी, टोचत होतं हो, म्हणून काढून ठेवलं.”

मला त्या वाक्यात या सगळ्या विषयाचं मूळ दिसतं. त्यांच्या कमरेला वळ उठला होता, मी पाहिला. बाजारात मिळतं तसं कुठल्याही हत्याराला बसेल असं सैल नायलॉनचं होल्स्टर, पातळ पट्ट्यावर अडकवलेलं, आणि वर आठ तासांचं ड्रायव्हिंग. गुरुजी म्हणतात त्याप्रमाणे त्यांना बोच होती. तिने त्यांना जबाबदारी शिकवली का? पायात काटा रुतला तर माणूस काट्याबद्दल चिंतन करत बसत नाही, तो काटा काढतो आणि हाताला येईल तिथे टाकतो. हत्याराचंही तेच होतं. जे अंगाला सोसत नाही ते अंगावर राहत नाही. ते गाडीच्या सीटखाली जातं, डिकीत जातं, उशीखाली, गल्ल्यात, ड्रायव्हरच्या हाती. तिथून पुढे ते कोणाचं होईल ते सांगता येत नाही.

मुंबईतली दोन उदाहरणं सगळ्यांना आठवत असतील. 8 फेब्रुवारी 2024 रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. मारणाऱ्याकडे स्वतःचा परवाना नव्हता. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं आणि ते कार्यालयात ठेवलेलं असायचं, असं पोलिसांनी तपासात सांगितलं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरच्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. बाहेरगावी निघण्यापूर्वी कपाटात ठेवताना ते हातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. दोन्ही घटनांची जात वेगळी, एकीत खून आणि एकीत अपघात. पण दोन्ही वेळी हत्यार परवानाधारकाच्या अंगावर म्यानबंद नव्हतं. काढणं, ठेवणं, उचलणं, पुन्हा खोचणं, याच हालचालींत घात होतो. त्या हालचाली दिवसातून जितक्या कमी, तितका धोका कमी. आणि त्या कमी करायच्या तर जे अंगावर आहे ते सकाळपासून रात्रीपर्यंत सोसलं पाहिजे. गुरुजी ज्याला चैन म्हणतात ती माझ्या आईच्या अंगठ्याची, पुतणीच्या जिवाची गोष्ट आहे.

कायद्यानेही याच दिशेने विचार केला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. शस्त्र नियम 2016 मधला 32वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक न्यायची तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत असली पाहिजे, पूर्ण झाकलेली असली पाहिजे, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा राहिला पाहिजे. उघडं मिरवणं, उगारणं, सार्वजनिक ठिकाणी बार काढणं याला सक्त मनाई आहे. अंगावर बाळगताना बांधलेलं, झाकलेलं, ताब्यातलं या तीन अटी एकत्र पाळायच्या तर रद्दी होल्स्टर चालत नाही. कमरेला नुसतं खोचलेलं रिव्हॉल्व्हर झाकलेलं असेल, पण बांधलेलं नसतं. फटकुराच्या थैलीतलं बांधलेलं असेल, पण ताब्यात नसतं.

आता निवडीकडे येतो. यातलं जे काही मला कळतं ते माझ्या काकांमुळे. काका पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. 2003च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात त्यांची साध्या वेशातली ड्युटी होती. सरकारी रिव्हॉल्व्हर बुशशर्टाखाली आणि भोवती माणसांचा समुद्र. त्या वर्षी नाशकात चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. काका सांगायचे, अशा गर्दीत हत्याराची भीती शत्रूला नसते, ती बाळगणाऱ्यालाच असते. कोणाचा कोपर लागून निसटलं तर? कोणी हात घातला तर? अठरा अठरा तास उभं राहून त्यांनी जे शिकून घेतलं ते त्यांनी मला एका वाक्यापासून शिकवलं : “होल्स्टरला शिव्या देण्याआधी पट्टा बघ.”

हे शंभर टक्के खरं आहे. आपल्याकडे नागरिकाच्या हातातली हातबंदूक बहुतेक वेळा .32 बोअरचीच असते, कारण 9 मिलिमीटरसारखे बोअर सैन्यासाठी आणि पोलिसांसाठी राखीव आहेत. भरलेलं .32 रिव्हॉल्व्हर पाऊण किलोच्या आसपास भरतं. 2014 साली आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं, तेही हलकं असून अर्धा किलो. एवढा भार ऑफिसच्या पातळ पट्ट्यावर टाकला की पट्टा दुमडतो, होल्स्टर बाहेर कलतं, मग ते आवरायला माणूस पट्टा आवळतो, आणि आवळला की कंबर काचते. दुहेरी चामड्याचा, दीड इंच रुंदीचा, वाकवला तरी पीळ न पडणारा पट्टा आणि त्याच रुंदीच्या फटीचं होल्स्टर, एवढं जमलं की अर्धी टोचणी जागेवरच मिटते. विजारीच्या आत होल्स्टर घालायचं असेल तर विजार कमरेला इंच-दीड इंच मोठी शिवून घ्यावी. आत बनियन खोचलेला हवा, उघड्या कातडीला काहीच लागू नये. माणसं हत्यारावर लाखभर रुपये घालतात आणि पट्ट्याला दोनशे रुपये देताना घासाघीस करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पट्ट्यानंतर जागा. आणि इथे मला परदेशी व्हिडिओ बघून होल्स्टर मागवणाऱ्यांशीही भांडायचं आहे. अमेरिकेत छुप्या होल्स्टरचा मोठा धंदा आहे, त्यांची माहिती बारकाईची असते, त्यात खोट नाही. पण ती जीन्स घालणाऱ्या, खुर्चीत बसणाऱ्या, चारचाकीतून फिरणाऱ्या माणसासाठी आहे. आपला माणूस मांडी घालतो. पंगतीला बसतो, भजनाला बसतो, सत्यनारायणाला बसतो. शौचाला उकिडवा बसतो. दुचाकीवरून घाट चढतो. पोटाच्या बाजूला, बेंबीच्या उजवीकडे होल्स्टर लावायची तिकडे मोठी टूम आहे. तसं लावून जमिनीवर मांडी घालून बसून बघा. मूठ बरगडीत रुतते आणि नळीचं तोंड थेट स्वतःच्या मांडीकडे होतं. पाठीच्या मधोमध लावलं तर बसताना बरं वाटतं, पण पावसात दुचाकी घसरून पाठीवर पडलात तर ते लोखंड मणक्यावर येतं, आणि गर्दीत मागून कोणी हात घातला तर कळतही नाही. काकांची जागा ठरलेली होती : उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागे, जिथे अंगाला खळगा असतो, आणि मूठ किंचित पुढे कललेली. वाकलं तरी शर्ट वर उचलला जात नाही, आणि गर्दीत कोपर सहज त्यावर राहतो. चालताना त्यांचा उजवा कोपर अंगाला लागलेला असायचा. निवृत्तीनंतर कमरेला काहीच नसतानाही तो तसाच राहिला.

नेहरू शर्ट-पायजमा घालणाऱ्यांना मात्र माझं सांगणं कडक आहे. नाडी म्हणजे पट्टा नव्हे. नाडीत खोचलेलं हत्यार उकिडवं बसल्यावर घसरतं, मग ते सावरायला हात जातो, आणि घाईत गेलेला हात नेमका चापावर पडतो. पायजमाच घालायचा तर त्या दिवशी हत्यार घरी, कुलपात. साडीचंही तेच. पर्समध्ये नेणाऱ्या बाईने पर्सला वेगळा कप्पा आणि त्यात घट्ट बसणारं होल्स्टर ठेवावं. आणि ती पर्स चप्पलस्टँडवर, दुकानाच्या काउंटरवर, शेजारणीच्या मांडीवर ठेवायची सवय असेल तर पर्समध्ये हत्यार नेऊच नये. ताबा म्हणजे ताबा.

मग वस्तू कशाची असावी? आमच्या गावच्या पावसाचा इथे संबंध येतो. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल सुटते, चपलांवर बुरशी धरते. चामड्याचं होल्स्टर अंगाला सगळ्यात मायाळू, महिन्याभराने ते कमरेच्या आकाराचं होतं. पण ओलं राहिलं की मऊ पडतं, त्याचं तोंड मिटतं, आणि हत्यार परत घालताना मिटलेल्या चामड्याची घडी चापात अडकते. अशाने गोळी सुटते. म्हणून चामड्याचं घ्यायचं तर तोंडाला कडक पट्टी शिवलेलं, आणि पावसाळा संपला की दिवाळीच्या सफाईत ते हातात घेऊन दाबून बघायचं. मऊ लागलं तर टाकून द्यायचं, कितीही प्रेमाचं असलं तरी. चामड्यात हत्यार रात्रभर ठेवू नये, ओल धरून गंज चढतो. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं होल्स्टर पाणी पीत नाही, त्याचं तोंड मिटत नाही. कडा मात्र चावतात. त्या पॉलिश पेपरने घासून गोल करून घ्यायच्या. मी स्वतः आमच्या पावसासाठी कायडेक्सच सुचवीन.

सगळ्यात सुखाचं कुठलं असं विचाराल, तर कापडाचं मऊ कव्हर. लागत नाही, घाम शोषतं, वजन नाही. आणि सगळ्यात वाईटही तेच, कारण कापडावरून चाप दाबला जातो. गुरुजींच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेल तर ते इथे. सुखाला एक हद्द आहे, आणि ती चापाभोवतीच्या कड्यावर आखलेली आहे. ते कडं पूर्ण, आणि कडक भिंतीने झाकलं गेलंच पाहिजे. उलटं धरून हलवलं तर रिकामं हत्यार पडता कामा नये. हत्यार काढल्यावर होल्स्टर पट्ट्यावरच राहिलं पाहिजे, हातात येता कामा नये. टिचबटणाचा पट्टा असेल तर त्याचं टोक चापाकडे लोंबता कामा नये. एवढं पाळून मग जे अंगाला सोसेल ते घ्या. मऊ आणि सोयीचं यांत फरक आहे. गादी मऊ असते, पण दिवसभर चालायला चांगली वहाणच लागते.

घेतल्यावर आठ दिवस रिकाम्या हत्यारानिशी घरातच वापरा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. जेवायला मांडी घाला. वाकून बुटाचे बंद बांधा. पाण्याचा हंडा उचला. दुपारी डुलकी काढून बघा. नवव्या दिवशी जर हात आपोआप ते काढायला जात असेल, तर ते होल्स्टर तुमचं नाही. दुसरं घ्या. दीड-दोन हजार रुपये वाया गेल्याचं दुःख करू नका.

गुरुजींशी माझा वाद प्रेमाचा आहे. दुसऱ्या एका मताशी मात्र माझं वैर आहे. हे मत तरुणांच्या तोंडी असतं : झाकायचं कशाला? दिसलं तर धाक राहतो. लग्नात शर्ट मुद्दाम आत खोचून मूठ दाखवत फिरणं, वाढदिवसाला फोटो, वरातीत बार. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळलं की त्या एका जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्र परवाने होते. हत्यारं मिरवतानाचे, हवेत बार काढतानाचे व्हिडिओ तेव्हाच बाहेर आले. पुढे प्रशासनाने कित्येक परवाने रद्द केले. परवाना जिवाला असलेल्या धोक्यासाठी मिळतो. पिंपळगावचा द्राक्षाचा किंवा लासलगावचा कांद्याचा व्यापारी रोकड घेऊन रात्री घरी यायचा, त्याला तो एके काळी लागायचा. त्या माणसाला हत्यार दाखवायचं नसायचं, कारण ज्याला लुटायचं आहे तो हत्यार दिसलेल्या माणसावर समोरून येत नाही, मागून डोक्यात घालतो आणि रोकडीबरोबर हत्यारही नेतो. दिसणारं हत्यार धाक दाखवत नाही, आमंत्रण देतं. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं, आणि माणशी तीनऐवजी दोनच हत्यारांची मर्यादा घातली, ते योग्यच झालं. मिरवणाऱ्याचं होल्स्टर कितीही भारी असो, त्याचा परवाना काढून घ्यावा असंच माझं मत आहे.

पण घाई करून कोणी याचा असा अर्थ लावू नये की चांगलं होल्स्टर असलं म्हणजे कुठेही जावं. आमच्या गावी तर नाहीच. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषाला सोवळं नेसून, उघड्या अंगाने जावं लागतं. पट्टा नाही, शर्ट नाही, लपवायला जागा नाही. कुशावर्तात उतरायचं तर अंगावर ओलं वस्त्र. नागबळीचे तीन दिवस यजमानाच्या अंगावर नवं पांढरं धोतर. जगातलं कुठलंही होल्स्टर त्र्यंबकात चालत नाही. म्हणजे इथे आणलेलं प्रत्येक हत्यार कुठे तरी काढून ठेवावंच लागतं, आणि ते ठेवायला सुरक्षित जागा यजमानाकडे नसते. तो ते ड्रायव्हरकडे देतो, लॉजच्या कपाटात ठेवतो, नाहीतर ज्याच्या घरी उतरला त्याला म्हणतो, “जरा सांभाळा.” सांभाळणाऱ्याला माहीत नसतं की परवानाधारक समोर नसताना दुसऱ्याचं हत्यार ताब्यात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली त्याचाच गुन्हा ठरू शकतो. त्याने केलेलं असतं फक्त अतिथीचं काम.

गुरुजी, तुमच्या-माझ्या वादाचा निकाल इथे लागतो असं मला वाटतं. तीर्थक्षेत्रात हत्यार नको, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, तुमच्यापेक्षा जास्त मान्य आहे. पण ते नको म्हणायचं तर ते कुठे असतं, कसं असतं, कधी निघतं आणि कुठे ठेवलं जातं हे बोलावं लागेल. मौन पाळून आपण फक्त फडताळातला पंचा तसाच ठेवला.

31 ऑक्टोबर 2026ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, 2 ऑगस्ट 2027ला पहिलं अमृतस्नान. शैव आखाडे कुशावर्तावर येतील आणि त्यांच्यामागे लाखो माणसं आमच्या या चिंचोळ्या गल्ल्यांत शिरतील. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना माझी विनंती आहे : निघण्यापूर्वी हत्यार आपल्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर जमा करा, पावती घ्या, आणि रिकाम्या कमरेने या. आणि त्र्यंबकातल्या ज्या घरांत यजमान उतरतात त्या प्रत्येक घराला सांगणं आहे : पाय धुवायला पाणी देतानाच विचारा, हत्यार आहे का? आम्ही विचारतो. कोणी रागावत नाही.